टँकमधलं काळं शेवाळ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड : ६ टक्क्यांचं असेल तर किती घालायचं?

प्राजक्ता_डोंबिवली

नमस्कार मंडळी. सगळा तपशील एकदमच देते, म्हणजे उलट प्रश्न विचारायला नकोत.

माशांचा टँक २४ × १२ × १५ इंचांचा. आत निऑन टेट्रा, चार कोरी (कोरिडोरास मासे) आणि चेरी श्रिंपची, म्हणजे छोट्या लाल कोळंब्यांची, बऱ्यापैकी वाढलेली वस्ती. ड्रिफ्टवूडला बांधलेलं अ‍ॅन्युबियास, मागे व्हॅलिस्नेरियाची रांग, कोपऱ्यात जावा मॉस. फिल्टर हँग-ऑन, म्हणजे टँकच्या काठावर टांगायचा. एलईडी लाइट मुलगी सकाळी शाळेला निघताना लावते, रात्री जेवणं आटोपली की बंद होतो. झाडांसाठी कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर आणि यीस्ट घालून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देते.

पावसाळ्यापासून अ‍ॅन्युबियासच्या पानांच्या कडांना काळे, आखूड, दाट झुपके आलेत. तसेच लाकडावर आणि फिल्टरचं पाणी पडतं त्या तोंडाशी. चिमटीत धरून ओढले तरी निघत नाहीत, पानच फाटतं. मॉसमध्ये हिरवे लांब धागे आहेत, ते वेगळे.

दुकानदार म्हणाले, हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. केमिस्टकडून बाटली आणली. लेबलवर लिहिलंय : सोल्युशन आय.पी., ६ टक्के, २० व्हॉल्यूम. नेटवर जिथे बघावं तिथे गॅलनमागे इतके मिली, आणि टक्के कुणी लिहीत नाही, किंवा ३ लिहितात. बाटली अजून उघडलेली नाही. नेमकं किती घालू? श्रिंप मरणार नाहीत ना? मुलीने प्रत्येकीला नाव ठेवलंय, त्यामुळे प्रयोग करायची हिंमत होत नाही.

राजू_कोल्हापूर

ताई, काही होत नाही, बिनधास्त टाका. मी गोल्डफिशच्या टँकमध्ये टोपणाने मापून टाकतो, आजवर एक मासा गेला नाही. दुसऱ्या दिवशी काच चकचकीत.

आणि केमिस्टची छोटी बाटली महाग पडते. आमच्या इकडे इचलकरंजीत कापड प्रोसेसवाल्यांकडे ५० टक्क्यांचं कॅनमध्ये असतं. ओळखीने लिटरभर मिळतं, वर्षभर पुरेल.

निनाद_एडिसन

टक्के का लिहीत नाहीत ते सांगतो. इथे अमेरिकेत कुठल्याही ड्रगस्टोअरमध्ये तपकिरी बाटलीत पेरॉक्साइड मिळतं ते ३ टक्क्यांचं. लोकांच्या घरात तेच असतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला टक्के सांगावेत असं वाटतही नाही. गॅलनही अमेरिकेचा, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा. तेव्हा इथले आकडे तिथे जसेच्या तसे घेऊ नका.

सुलभा_सातारा

प्राजक्ता, बाटली उघडण्याआधी लेबल वाचून विचारलंत, फार बरं केलंत. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरात टँक त्याच्याही आधीपासून आहेत, त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही. जरा लांबण लागेल.

आधी टक्क्यांचं. २० व्हॉल्यूम म्हणजे १ मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन वायू सुटतो. ३ टक्के म्हणजे १० व्हॉल्यूम, ६ टक्के म्हणजे २०, आणि प्रयोगशाळेत असतं ते १०० व्हॉल्यूम, म्हणजे ३० टक्के. आपल्याकडे केमिस्ट देतो ती आय.पी. बाटली सहसा ६ टक्क्यांचीच असते. म्हणजे परदेशी माणसाने लिहिलेला मिलीचा आकडा आपल्या बाटलीने मोजला की टँकमध्ये दुप्पट औषध पडतं. श्रिंप आणि कोरी यांच्यासाठी ही दुप्पट म्हणजे गंभीर गोष्ट आहे.

राजू, तुमचे मासे ठणठणीत आहेत हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या गोल्डफिशच्या टँकमध्ये बहुधा श्रिंप नाहीत, व्हॅलिस्नेरिया नाही. आणि टोपणात किती मिली मावतं ते बाटलीगणिक बदलतं. केमिस्टकडे सुईशिवाय ५ मिलीची सिरिंज मिळते, ती वापरा. इचलकरंजीच्या कॅनबद्दल मात्र मी हात जोडून सांगते, घरात आणू नका. ते सुती कापड ब्लीच करायला असतं. ५० टक्क्यांचा १ मिली म्हणजे केमिस्टच्या बाटलीतले आठ-दहा मिली. हातावर पडलं तर कातडी पांढरी होऊन भाजते, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. कॅन उन्हात राहिला किंवा आत कचरा गेला तर ते आपोआप विघटित होऊन आतला दाब वाढतो. पार्लरमधलं २० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपरही नको. त्यात पेरॉक्साइडबरोबर इतर बरीच द्रव्यं असतात.

आता तुमचं शेवाळ. वर्णनावरून हे बीबीए आहे, ब्लॅक ब्रश अल्गी म्हणतात ते. दिसायला काळं असलं तरी कूळ लाल शेवाळांचं. पेरॉक्साइडने ते मरतं, यात शंका नाही. पण तुमच्या टँकमध्ये ते वाढलंय कुठे ते बघा : लाकूड, लाकडाला बांधलेलं अ‍ॅन्युबियास आणि फिल्टरचं तोंड. तिन्ही गोष्टी बाहेर काढता येतात! मग श्रिंप, कोरी आणि व्हॅलिस्नेरिया ज्या पाण्यात आहेत त्या पाण्यात औषध घालायचंच कशाला? लाकूड झाडासकट बाहेर आणा आणि बाहेरच फवारा. मला हीच पद्धत सर्वांत आवडते, आणि श्रिंप असतील तिथे मी दुसरी सुचवत नाही.

आधी बटाटा कापा आणि कापलेल्या भागावर बाटलीतले दोन थेंब टाका. फसफसून फेस आला तर औषध जिवंत आहे. बटाट्यात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. फेस आला नाही तर बाटली दुकानात पडून पडून नुसतं पाणी झालेली आहे, दुसरी आणा.

मग लागेल तेवढंच औषध घेऊन त्यात तेवढंच पाणी मिसळा, आरओचं असेल तर उत्तम. हे झालं ३ टक्के. फवारणीच्या स्वच्छ बाटलीत भरा. आधी फिनेल किंवा काच पुसायचं औषध असलेली बाटली नको. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, मुलगी जरा लांब. लाकूड परातीत ठेवून झुपक्यांवर नेमकं फवारा. तीन-चार मिनिटं थांबा, बुडबुडे येताना दिसतील. तेवढ्या वेळात अ‍ॅन्युबियासची बाकीची पानं आणि मुळं टँकच्या पाण्याने ओली ठेवा. मग टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात लाकूड नीट खळबळा आणि परत आत ठेवा. बाहेर काढण्याआधी लाकडाच्या भेगा बघून घ्या, श्रिंपची पिल्लं तिथेच दडलेली असतात. फिल्टरचं तोंड काढून तसंच फवारा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पण फिल्टरच्या आतला स्पंज आणि सिरॅमिक रिंग यांना पेरॉक्साइडचा थेंबही लागू देऊ नका. तुमच्या टँकमधला अमोनिया पचवणारे जिवाणू तिथे राहतात.

लगेच काही दिसणार नाही. दोन-तीन दिवसांत झुपके गुलाबी, वाइनसारखे लाल होतील. हिरवं रंगद्रव्य आधी नष्ट होतं आणि त्याच्याखाली झाकलेलं लाल दिसू लागतं. त्यानंतर ते राखाडी-पांढरे पडून सुटतात. जिवंत बीबीएला तोंड न लावणारे श्रिंप हे मेलेलं शेवाळ मात्र आवडीने खातात.

टँकमधून अजिबात न निघणाऱ्या एखाद्या दगडावर झुपका असेल तर पाण्यातच सिरिंजने देता येतं, पण हिशोब करून. तुमच्या टँकची काच सोडून, वर दोन इंच रिकामे आणि खाली दोन इंच वाळू धरून साधारण ५० लिटर पाणी आहे. बाहेरच्या मापाने ७० येतात, पण औषध नेहमी खऱ्या पाण्यावर मोजायचं. सर्वसाधारणपणे ३ टक्क्यांचं असेल तर ४ लिटरला १ मिली ही दिवसाची मर्यादा मानतात. तुमच्या ६ टक्क्यांचे त्या हिशोबाने संपूर्ण टँकला ६ मिली होतात. लिटरमागे ७ मिलीग्रॅमच्या आसपास. श्रिंप आहेत म्हणून पहिल्या दिवशी ३ मिलीच्या वर जाऊ नका. फिल्टर बंद, पाणी स्थिर, सिरिंजचं टोक झुपक्याशी नेऊन हळूहळू सोडायचं. दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर सुरू. हँग-ऑन फिल्टर बंद करून लावला की पुष्कळदा नुसताच गुरगुरतो आणि पाणी उचलत नाही, तेव्हा धार पडतेय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय टँकपासून हलू नका. व्हॅलिस्नेरियाच्या जवळपास हे करूच नका, तिची पानं वितळतात. मॉस, रिचिया, कॅबोम्बा यांनाही सोसत नाही.

पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो म्हणून माशांना ते चांगलंच, असं पुष्कळ जण समजतात. जास्त झालं तर ते कल्ले जाळतं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले किंवा श्रिंप वेड्यासारखे इकडून तिकडे पळू लागले तर वाट बघत बसू नका, निम्मं पाणी लगेच बदला आणि एअर पंप लावा. बदलायचं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकइतक्याच तापमानाचं हवं. म्हणून ते आधीच बादल्यांत भरून तयार ठेवा. एप्रिल-मेमध्ये तर पाण्यात डोस देऊच नये असं माझं मत आहे. तिशीच्या वर गेलेल्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो.

दुकानदार पोटॅशियम परमँगनेट, लिक्विड कार्बन आणि पेरॉक्साइड तिन्ही देतात. यातलं एकच वापरा, एकत्र कधीही नाही. शेवाळाचं निळं औषध म्हणून मिळणारी काही द्रावणं तांब्याची, म्हणजे मोरचुदाच्या जातीची असतात. श्रिंपच्या टँकमध्ये ती विषच.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितेय, कारण पेरॉक्साइडचं वाचून झालं की लोक पुढचं वाचत नाहीत; कृपा करून हे वाचा. तुमचा लाइट चौदा-पंधरा तास चालतो. अ‍ॅन्युबियास मुळात सावलीतलं, संथ वाढणारं झाड. त्याचं एक पान महिनोन्‌महिने उजेडात बसून राहतं आणि शेवाळाला आयती जागा मिळते. टायमरचा प्लग आणा आणि सात तासांवर आणा. दुपारी दोन ते रात्री नऊ ठेवलंत तर मुलगी शाळेतून आल्यावर तिला टँक उजळलेला मिळेल. आणि ती साखर-यीस्टची बाटली काढून टाका. यीस्ट पहिले काही दिवस जोरात वायू देतं, मग मंदावतं, नवीन बाटली लावली की परत जोर. सीओटूचा हा चढउतार बीबीएला फार मानवतो. अ‍ॅन्युबियास, मॉस आणि व्हॅलिस्नेरिया या तिघांनाही वेगळा सीओटू लागत नाही. तुम्ही मेहनत घेऊन शेवाळालाच खाऊ घालताय. या दोन गोष्टी बदलल्या नाहीत तर दर पावसाळ्यात ही बाटली आणावी लागेल.

राजू_कोल्हापूर

मॅडम, कॅनचा विषय संपला. सिरिंज आणतो.

खाडीकाठ

सुलभाताई, याच धाग्यात विचारतो. माझ्या टँकमध्ये वाळूवर आणि काचेच्या कडेला निळसर-हिरवी साय धरते. हाताने चादरीसारखी निघते, दोन-तीन दिवसांत परत हजर. वास ओल्या मातीसारखा, जरा कुबट. याला पेरॉक्साइड चालेल? श्रिंप नाहीत, फक्त गप्पी आणि मोली.

सुलभा_सातारा

चालेल, आणि तुमच्याकडे ते बीबीएपेक्षा लवकर काम करेल. तुमची ती साय शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत. हिरव्या शेवाळांपेक्षा त्यांना पेरॉक्साइड फार कमी मात्रेत लागू पडतं. नेदरलँड्समधल्या कूट्सहाइस नावाच्या तलावात २००९ साली शास्त्रज्ञांनी लिटरमागे फक्त २ मिलीग्रॅम पेरॉक्साइड पाण्यात एकसारखं मिसळून सायनोबॅक्टेरियांची बेसुमार वाढ आटोक्यात आणली होती, आणि तलावातल्या इतर शेवाळांना व जिवांना त्यामानाने धक्का लागला नव्हता. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण काही दिवसांत पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन मागे काहीच उरत नाही.

तुम्ही आधी साय हाताने आणि पाइपने जितकी ओढता येईल तितकी काढा. जी उरेल तिच्यावर फिल्टर बंद ठेवून सिरिंजने द्या, ३ टक्क्यांचं ४ लिटरला १ मिली ही जी मर्यादा वर सांगितली तिच्या निम्म्याने सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी मेलेली साय ओढून पाव भाग पाणी बदला. ती आत कुजली तर अमोनिया वाढेल. ही साय जिथे पाणी फिरत नाही तिथे धरते. फिल्टरची धार त्या कोपऱ्याकडे वळवा आणि वाळूत अडकलेला खाऊ काढा. गप्पींना किती खायला घालता?

खाडीकाठ

आई दिवसातून तीनदा घालते. मी बोलतो तिच्याशी. धन्यवाद ताई.

प्राजक्ता_डोंबिवली

सुलभाताई, तुमचं उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं आणि तसंच केलं. बटाट्यावर भरपूर फेस आला. लाकूड काढताना भेगेत खरंच तीन पिल्लं होती, मुलीने चमच्याने अलगद परत सोडली. झुपके आता गुलाबी झालेत, काही पांढरे पडलेत, आणि श्रिंप लाकडावर गर्दी करून आहेत. एकही मेली नाही. टायमर लावला, यीस्टची बाटली काढली.

दोन गोष्टी राहिल्या. मागच्या बाजूच्या दोन-तीन पानांवर अजून काळं आहे, बहुतेक फवारा पोचला नव्हता. परत कधी करू? आणि मॉसमधले हिरवे धागे तसेच आहेत. तिथे पेरॉक्साइड नको म्हणालात, मग काय करायचं? उरलेली बाटली ठेवावी की टाकावी?

सुलभा_सातारा

वा! पिल्लं वाचली हे वाचून फार आनंद झाला. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

आठवडाभर थांबा आणि मग फक्त त्या पानांना परत फवारा. एखादं पान अर्ध्याहून जास्त काळं असेल तर देठाशी कापून टाका. तसं पान सुधारत नाही, अ‍ॅन्युबियास नवीन काढतं. लाकूड परत ठेवताना शक्य असेल तर व्हॅलिस्नेरियाच्या सावलीत सरकवा.

मॉसचे धागे हातानेच काढायचे. मॉसचा गोळा टँकच्या पाण्याच्या भांड्यात घ्या, टूथब्रश धाग्यांत घालून एकाच दिशेने फिरवत राहा. धागे ब्रशला गुंडाळून येतील. सगळे एका बैठकीत निघणार नाहीत. लाइट कमी झालाय, त्यामुळे नवीन वाढ मंदावेल आणि दर आठवड्याला थोडं थोडं काढलं की आवरेल. खूपच गुंतलेला भाग कात्रीने कापून फेका, मॉस परत वाढतं. शेवाळ खायला सकर मासा घ्या असं कुणी म्हणेल, तो घेऊ नका. तो पुढे फूटभर होतो, तुमच्या टँकमध्ये मावणार नाही, आणि मग लोक तो नदीत नेऊन सोडतात. आपल्या देशातल्या बऱ्याच तलावांत आणि नद्यांत त्याने कोळी लोकांची जाळी आणि स्थानिक मासे या दोन्हींचं नुकसान चालवलंय.

पाणी मिसळलेलं जे फवारणीच्या बाटलीत उरलंय ते मोरीत भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या. ते लवकर निकामी होतं. मूळ बाटली त्याच्याच बुचाने बंद करून अंधाऱ्या, थंड कपाटात, मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतू नका. लेबलवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. पुढच्या वेळी वापरण्याआधी परत बटाटा कापून बघा.

प्राजक्ता_डोंबिवली

तारीख लिहिली. येत्या रविवारी टूथब्रश घेऊन बसतो दोघी. मॉसचा फोटो टाकते, कुठून कापायचं ते तेवढं सांगा.